वैशाखऱ्याच्या वाटेवर बंद पडणारी गाडी

आई गेल्यावर आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलायचा तो रेडिओ. बाबा पाळीवरून आले की चपला काढायच्या आधी तो लावायचे. बाजारभाव असोत, शेतीचा कार्यक्रम असो की नाट्यगीतं, काय लागलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसायचं. भातसानगरच्या वसाहतीत आमचं क्वार्टर शेवटच्या ओळीत होतं. मागं ऐन-सागाचं रान, त्याच्या पलीकडं धरण. वारा इकडचा असला की पाण्याचा आवाज घरात भरायचा, वारा फिरला की एकदम थांबायचा. बाबा धरणाच्या दरवाजांच्या यंत्रांवर कामाला होते. मुंबईला पाणी जातं ते ह्यांच्या हाताखालनं, असं आई शेजारणींना तोऱ्यात सांगायची. बाबांनी स्वतः कधी तसं सांगितल्याचं मला आठवत नाही. ते मुळातच कमी बोलायचे, पण आई होती तेव्हा तिच्या बोलण्यात ते झाकून जायचं.

आई गेली तेव्हा मी नववीत होते, जूनपासून दहावीला. पहाटे उठून भात टाकायचा, पिठलं किंवा सुकटीचं कालवण करायचं, बाबांचा डबा भरायचा आणि शहापूरची गाडी गाठून शाळेला जायचं. तांदळाच्या भाकरीची उकड मला कधी जमायचीच नाही. भाकरी तव्यावर टाकेपर्यंत कडेनं फुटायची. बाबा ते तुकडे जुळवून कालवणात बुडवून खायचे आणि ताट धुऊन ठेवायचे. चांगली झाली म्हणाले नाहीत, वाईट झाली म्हणाले नाहीत. आज माझ्या हातच्या भाकरीचं कौतुक होतं, तेव्हा मला ती फुटकी भाकरी मुकाट्यानं खाणारा माणूस आठवतो आणि मग ताटावर माझं लक्ष लागत नाही.

आमच्याकडं आणखी एक माणूस होतं, माझी धाकटी बहीण नंदा. आई गेली तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि मला ‘ताताई’ म्हणायची. दिवसकार्य उरकलं त्या दुपारी सुमनमावशीनं, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीनं, तिला कडेवर घेतलं आणि बाबांना म्हणाली, “भावजी, तुमी पाळीवर जाणार, ही शाळेत जाणार. पोरीकडं बघणार कोण? कुसुमची दहावी होईस्तवर नंदा माझ्याकडं राहू दे.” मावशीला मूलबाळ नव्हतं. ती आणि तिचे यजमान वैशाखऱ्याला राहायचे, माळशेजच्या पायथ्याच्या अंगाला, भातशेती आणि दोन-चार गुरं. बाबांनी मान हलवली. नंदा मावशीच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत गेली. दहावी होईस्तवर, एवढे शब्द मी घट्ट धरून ठेवले होते. मार्च आला की नंदा येणार, म्हणून मी आईच्या जुन्या पातळाचे तिच्यासाठी दोन फ्रॉक शिवून ट्रंकेत ठेवलेसुद्धा होते.

तोपर्यंत तिला अधूनमधून भेटून यायचं असं ठरलं होतं. त्यासाठी आमच्याकडं गाडी होती. वसाहतीतले एक साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांची जुनी गाडी बाबांनी घेतली होती. गोल पाठीची, फिकट हिरवी, गिअरची दांडी स्टिअरिंगलाच. आईच्या हौसेनं घेतलेली. एस्टीनं वैशाखरं गाठायचं तर शहापूर, मग मुरबाड, मग घाटाकडची गाडी, अशा तीन गाड्या धराव्या लागायच्या आणि बाबांच्या सुट्टीच्या एका दिवसात जाऊन परत येणं व्हायचं नाही. म्हणून आम्ही सकाळी गाडी काढायचो, शहापूरला पेट्रोलची टाकी भरून घ्यायचो आणि किन्हवलीवरून सरळगावच्या रस्त्याला लागायचो.

आणि दर खेपेला किन्हवली मागं पडली की गाडी बंद पडायची. आधी हलकेच आचके द्यायची, मग एखाद्या म्हाताऱ्याला ठसका लागावा तशी थरथरायची आणि रस्त्याच्या कडेला येऊन गप्प व्हायची. किती सेल्फ मारा, नुसतं गुरगुरायची, पेट घ्यायची नाही. बाबा बॉनेट उघडायचे, आत बघायचे, आणि मग रस्त्याकडेच्या एका काळ्या धोंड्यावर जाऊन बसायचे. मी गाडीत. दोन्ही बाजूंना भातखाचरं. कुणी सायकलवाला थांबला तर थांबला. ऊन डोक्यावरून सरकून गेल्यावर, केव्हातरी दुपार कलती झाल्यावर बाबा पुन्हा चावी फिरवायचे आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. मग बाबा म्हणायचे, “आता जायाचा तर रात होईल परत येता येता. फिरूया.” आणि आम्ही फिरायचो. मावशीसाठी घेतलेली केळी आम्हीच परत आणून आठवडाभर खायचो.

शहापूरच्या मेकॅनिकनं काही म्हणजे काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. कॉइल बदलली, पॉइंट घासले, प्लग नवे टाकले, कार्बोरेटर खोलून धुऊन घेतला. त्याच्या गॅरेजमधून गाडी शिट्टी वाजवत निघायची. भातसानगर ते शहापूर, शहापूर ते भातसानगर, बाजारहाट, दवाखाना, कुठं नाव म्हणून अडायची नाही. मेकॅनिक म्हणाला, इंजिन तापलं की पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंपावर ओलं फडकं ठेवत जा. आम्ही तेही केलं. किन्हवलीकडचा एक गुराखी तर म्हणाला, “त्या वळणावर कायतरी हाय. आमची बैलगाडीपण तिथं थबकते. नारळ ठेवा.” बाबांनी नारळही ठेवला. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, पण नारळ मात्र त्यांनी लगेच ठेवला. यंत्रावरच सगळं आयुष्य घालवलेला हा माणूस, धरणाच्या दरवाजाचा नुसता आवाज ऐकून कुठल्या चाकाचा दाता घासतोय ते सांगायचा. स्वतःच्या गाडीपाशी तो असा हात बांधून का बसतो, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो श्रावणातला होता. पाऊस थांबून थांबून पडत होता, हवा गार, दिवसभर सूर्य दिसेल अशी आशा नव्हती. आम्ही लवकर निघालो होतो. माझ्या मांडीवर नंदाच्या फ्रॉकची पिशवी होती. मार्चपर्यंत थांबलं तर आखूड होतील म्हणून मी ते न्यायचं ठरवलं होतं. किन्हवली गेली, आणि गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. बाबांनी ती कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडून खाली उतरायला लागले.

मी म्हणाले, “बाबा, आज ऊन नाय. इंजिन पण एवढं तापलेलं नाय. मग वाफ कशी होईल?”

ते थांबले. “काय म्हायती,” म्हणाले.

“तुमीच मला सांगितलेलं, इंजिनाला तीन गोष्टी लागतात. ठिणगी, पेट्रोल आणि हवा. आपण एकेक बघूया का?”

हे त्यांनी मला खरंच शिकवलं होतं. आई असताना, गाडी नुकती घरी आली तेव्हा रविवारी दारात बॉनेट उघडून ते सगळं दाखवत बसायचे. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, पोरीला कशाला हे लोखंड शिकवताय. ते हसायचे. तेव्हा हसायचे.

त्या दिवशी ते हसले नाहीत, पण परत आत जाऊन बसले. मी एका प्लगची वायर काढली, जुना प्लग डिकीत होता तो तिला लावला, फडक्यानं धरून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि म्हणाले, “मारा सेल्फ.” निळी, जाड ठिणगी तडतडली. म्हणजे कॉइल, पॉइंट, प्लग, ज्या ज्या गोष्टी आम्ही बदलत होतो त्यांचा काही दोषच नव्हता. वायर परत लावली. मग कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवली, तिचं तोंड प्यायच्या पाण्याच्या पेल्यात धरलं. “आता मारा.” इंजिन फिरलं, फिरलं, पेला कोरडाच. पंपाच्या खाली हातानं पेट्रोल ओढायची एक छोटी दांडी असते. ती मी वरखाली केली. थेंब नाही. टाकी तर आत्ताच शहापूरला गळ्यापर्यंत भरलेली.

मी गाडीला टेकून उभी राहिले. बोटांना पेट्रोलचा वास. पाऊस भुरभुरत होता. आणि मला काय आठवलं, तर आमचा रॉकेलचा डबा. त्या सकाळीच मी स्टोव्हमध्ये रॉकेल भरलं होतं. नवा डबा होता, मी एकच भोक पाडलं, तर रॉकेल दोन गचके देऊन थांबलं. दुसऱ्या टोकाला खिळा मारून भोक पाडल्याबरोबर धार लागली. आत हवा गेल्याशिवाय बाहेर काही येत नाही, हे घरोघरच्या बायकांना माहीत असतं. मी मागं गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते सैल होताक्षणी आत लांबलचक सूंऽऽ असा आवाज झाला. कुणीतरी बराच वेळ दाबून धरलेला श्वास घेतल्यासारखा. मी धावत पुढं आले, दांडी हलवली, आणि पेल्यात पेट्रोल उसळलं.

“बाबा, झाकणात आहे,” मी म्हणाले. “हवा आत जायचं भोक बुजलंय. टाकी भरली की वरती हवा थोडीच राहते, थोडं पेट्रोल गेलं की आतून ओढ बसते न् ते पुढं येत नाय. थांबलो की फटीतनं हवा हळूहळू झिरपते, म्हणून दुपारी चालू होते. शहापूरला आपण थोड्याच पेट्रोलवर जातो, म्हणून तिथं कळत नाय.” मी एका दमात बोलत होते. इतक्या महिन्यांत एवढं मी कुणाशीच बोलले नव्हते.

झाकण उलटं करून पाहिलं. भोकात गुलाबी काहीतरी चेपून भरलं होतं, वाळून दगड झालेलं. मी केसातली पिन काढून ते कोरू लागले तेव्हा बाबा उतरून मागं आले. माझ्या हातातलं झाकण त्यांनी घेतलं.

“साबण हाय,” ते म्हणाले. “मीच भरलेला.”

“कशाला?” मी विचारलं.

“तुझ्या आईला पेट्रोलचा वास सहन व्हायचा नाय. शेवटी शेवटी पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, आन् गाडीत बसवलं की उमाळे. त्या दिवशी तिला शहापूरला न्यायची होती. मोरीतला साबण घेतला न् भोक बुजवला.” झाकण हातात फिरवत ते म्हणाले, “तेवढ्या वाटेत तिला एकदापण उलटी झाली नाय.”

शहापूरच्या दवाखान्यातून आईला ॲम्ब्युलन्समध्ये घालून पुढं नेलं होतं. ती परत आली नाही. गाडी घेऊन बाबा एकटेच घरी आले होते. मी तेव्हा दारात उभी होते, एवढंच मला आठवतं.

“मग तुमाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“इसरलो होतो,” बाबा म्हणाले. पिन घेऊन त्यांनी उरलेला साबण कोरून काढला, भोकात फुंकर मारून पाहिली. हे खरं होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. विसरणं आणि आठवू न देणं यांत त्यांच्यापुरता काही फरक होता का, कुणास ठाऊक.

झाकण लावून झालं, नळी बसवली, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. आणि बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, “फिरूया आता. उशीर झाला.”

“उशीर नाय झाला. अजून दुपारसुद्धा नाय झाली.”

“पाऊस वाढंल.”

“नंदा वाट बघत असेल, बाबा.”

“नाय बघत,” ते म्हणाले. स्टिअरिंगवर दोन्ही हात, नजर समोर काचेवर. “मी मागं धसईला गेलेलो ना, चुलत्याकडं तांदूळ बघायला. तिथनं पुढं एस्टीनं गेलो तिच्याकडं. तुला सांगितला नाय. मला बघून रडायलाच लागली. आन् सुमनच्या मालकांच्या पायाला मिठी मारून म्हणते, बाबा, हा माणूस कोण?”

वायपर चालू राहिले होते. मी पिशवी उचलून मागच्या सीटवर ठेवली. इतक्या रविवारी त्या धोंड्यावर बसून ते काय करत होते, ते मला तेव्हा कळलं. गाडी सुरू व्हायची वाट मी बघत होते, ते बघत नव्हते.

“मला तरी बघू दे तिला,” मी शेवटी म्हणाले. “तुमी गाडीतच बसा वाटलं तर.”

त्यांनी गिअर टाकला. सरळगाव गेलं, टोकावडं गेलं. डोंगर जवळ येत गेले, त्यांच्या अंगावरून पांढरे ओहोळ उतरत होते. गाडी कुठं अडली नाही. वैशाखऱ्याला मावशीच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा घरात वालाच्या बिरड्याचा वास सुटला होता. आईच्या बिरड्याचा अगदी तोच वास, दोघी एकाच आईकडं शिकलेल्या. नंदा उंबऱ्यावर उभी होती. हातापायानं भरली होती, केस तेल लावून चापूनचोपून बांधलेले, कपाळावर काजळाची टिकली. मी हात पुढं केले. ती मावशीच्या पदराआड गेली आणि म्हणाली, “आई, कोण आलंय?”

मावशीचं तोंड उतरलं. “आमी काय शिकवला नाय गो,” ती मला म्हणाली, मग बाबांकडं बघून, “भावजी, शप्पथ. तिची तीच बोलायला लागली. मी सांगते तिला, आई देवाघरी गेली म्हणून, तर रात्रभर झोपत नाय.”

बाबा ओट्यावर बसले. मावशीच्या यजमानांनी पाणी आणून दिलं आणि ते अपराध्यासारखे बाजूला उभे राहिले. मावशीनं पानं वाढली. नंदा मावशीच्या यजमानांच्या ताटात जेवली. ते तिच्यासाठी बिरड्यातला एकेक वाल बोटांनी चेपून बाजूला ठेवत होते, आणि बाबा ते बघत होते. हात धुतल्यावर बाबा मावशीला म्हणाले, “राहू दे तिला. दहावीचा न् बिहावीचा काय धरू नको. तुमचीच झाली ती.”

मी म्हणाले, “बाबा.” एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मावशी पदर डोळ्यांना लावून चुलीपाशी जाऊन बसली. फ्रॉकची पिशवी मी तिच्या हातात दिली. एक फ्रॉक तिनं तिथल्या तिथं नंदाला घातला. आखूड झालाच होता. परतीच्या वाटेवर मी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला बाबांचा राग आला होता. तो बरीच वर्षं टिकला, आणि माझी स्वतःची मुलं झाल्यावर केव्हातरी, कुठल्या दिवशी ते माहीत नाही, निघून गेला.

त्यानंतर गाडी कधी तशी बंद पडली नाही, त्यामुळं न जायला काही निमित्त उरलं नाही. आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी वैशाखऱ्याला जाऊ लागलो. बाबा यजमानांबरोबर शेताकडं निघून जायचे आणि निघायच्या वेळी यायचे. नंदा मला ओळखू लागली, मग माझ्याजवळ येऊ लागली. मी भातसानगरची ताई आणि बाबा भातसाचे काका. खरं काय ते तिला पुढं ती मोठी झाल्यावर मावशीनंच सांगितलं. पण जिभेला लागलेली नाती बदलत नाहीत. बाबा गेले तेव्हासुद्धा ती आली, माझ्या शेजारी बसली, आणि “काका गेले गो ताई,” असं म्हणूनच रडली.

नंदा चारेक वर्षांची असताना, दिवाळीनंतरच्या एका खेपेला मावशीच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. नंदा आणि मी पेंढ्याच्या ढिगावर बसलो होतो. तिनं माझी वेणी सोडून स्वतःच्या मनानं पुन्हा घालायला घेतली होती. मध्येच तिनं विचारलं, “ताई, तुझ्या घरी कोण कोण हाय?”

“मी,” मी म्हणाले. “आणि काका.”

“अजून?”

“अजून कोण नाय.”

ती वेणी घालायची थांबली. “आमच्याकडं मी हाय, आई हाय, बाबा हाय, गाय हाय, बकरी हाय, बकरीची पिल्लं हायत,” ती म्हणाली, आणि मग जरा वेळानं, अगदी मावशीच्या सुरात, “तुला करमत नसंल गो. तू आमच्याकडंच ये राहायला. माझ्या गोधडीत झोप.”

“येईन,” मी म्हणाले.

ती उठली आणि पेंढ्यावरून घसरत खाली जाऊन मावशीला सांगायला पळाली, की ताई आता आपल्याकडंच राहणार हाय. बाबा शेताकडून येऊन गाडीजवळ उभे होते. त्यांनी ते ऐकलं. केसातली काडी काढून मी त्यांच्याजवळ गेले, तेव्हा त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडून धरलं होतं.

“चल,” ते म्हणाले. “उजेड हाय तवर निघू.”